०.०१ बघून हुरळू नका: टीएडीएफचे रेणू रचताना

टीएडीएफ म्हणजे उष्णतेच्या मदतीनं ट्रिपलेटमधून सिंगलेटमध्ये चढून उशिरा येणारा प्रकाश; ओएलईडी पडद्यांसाठी असे रेणू हवे असतात. विजेनं रेणू उत्तेजित केला की २५ टक्के सिंगलेट (सहज प्रकाश देणारी अवस्था), ७५ टक्के ट्रिपलेट (एरवी वाया जाणारी) हा हिशोब तुम्हाला ठाऊक असेलच. माझं वर्ष कुठे गेलं, तेवढंच सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं घर. दाराबाहेर पऱ्हाटी, आत जुना लॅपटॉप आणि शैक्षणिक कामासाठी मोफत मिळणारं ऑर्का, म्हणजे रेणूंची गणितं करणारं सॉफ्टवेअर. रेणूचे डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) आणि ॲक्सेप्टर (घेणारा) भाग काटकोनात वळवले की होमो-लुमो (इलेक्ट्रॉन जिथून निघतो आणि जिथे जातो ती ऑर्बिटल) वेगळे पडतात आणि एस१-टी१ (सर्वात खालचा सिंगलेट आणि ट्रिपलेट) मधलं ऊर्जेचं अंतर आकसतं. माझ्या रेणूत ते ०.०१ इलेक्ट्रॉनव्होल्ट आलं. आईला म्हटलं, जमलं! त्याच आउटपुटमध्ये एस१ ची ऑसिलेटर स्ट्रेंथ (प्रकाश देण्याची ताकद) ०.०००० होती, ती मी पाहिलीच नाही. आठ महिने सिंथेसिस केली. यूव्ही दिव्याखाली पावडर जवळपास काळीच.

हे नीट समजून घ्या. अंतर कमी करायला होमो-लुमोचा जो ओव्हरलॅप तुम्ही मारता, त्याच ओव्हरलॅपमधून प्रकाश येतो. तो पार संपवला तर ट्रिपलेट वर चढूनही उपयोग नाही, सिंगलेटच विझतो. शिवाय एस१ आणि टी१ दोन्ही निव्वळ चार्ज-ट्रान्सफर (इलेक्ट्रॉन डोनरकडून ॲक्सेप्टरकडे सरकलेल्या अवस्था) असतील तर स्पिन-ऑर्बिट कपलिंग, म्हणजे ट्रिपलेटला सिंगलेट होऊ देणारी जोडणी, जवळजवळ शून्य. म्हणजे वर चढणंही मंद. जवळपास एखादा लोकल (रेणूच्या एकाच भागावरचा) ट्रिपलेट लागतो. २०१२ मध्ये क्यूशू विद्यापीठात अदाचींच्या गटानं दिलेला ४सीझेडआयपीएन हा टीएडीएफ रेणू बघा: त्यातले डोनर, म्हणजे कार्बाझोल, वळलेले आहेत, पण पुरते काटकोनात नाहीत. टोल्यूइनमध्ये क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी परत मिळणारा वाटा) ९४ टक्के! आधी हाच रेणू तुमच्या पद्धतीनं चालवा. बी३एलवायपी ही नेहमीची गणनापद्धत चार्ज-ट्रान्सफरची ऊर्जा कमी दाखवते, हे तिथेच कळेल.

सीनियरची इनपुट फाइल जशीच्या तशी वापरू नका. मी तेच केलं होतं. आणि गाईड मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, पण दर आठवड्याला तुमचे आकडे शेजारी बसून बघणारा हवा.

प्रकाश मोजताना द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन घालवा, नाहीतर विलंबित भाग दिसणारच नाही.

घाबरू मात्र नका. लाईन गेली तरी ऑर्काची जीबीडब्ल्यू फाइल राहते, ऑर्बिटल तिथून उचलता येतात. मोठा कॉम्प्युटर नसलेल्या गावातून हे काम होतं, मी करतोय. जोडाजवळचा मिथाइल काढून कोन सैल केलाय. अंतर ०.१२ झालं, ऑसिलेटर स्ट्रेंथ ०.०२. पुढच्या महिन्यात सिंथेसिसला घेतोय.