गोल्डन सन कसा खेळावा: जिन जपून मोडा

गोल्डन सन हा व्हिडिओ गेम २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. बनवला जपानच्या कॅमेलॉटने, बाजारात आणला निन्टेन्डोने. त्या पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे मी हा गेम अर्धा खिडकीत बसून आणि अर्धा ट्यूबलाइटखाली मान वाकडी करून खेळलोय. जानेवारी २०२४ पासून तो निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर ऑनलाइन सदस्यत्वाच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये मिळतो, म्हणजे मानेचा प्रश्न सुटला. राहिला खेळायचा प्रश्न.

सुरुवातीला धीर धरा

आयझॅक नावाचा मुलगा, त्याचं वेल हे गाव, वर ॲलेफ डोंगर. वादळाच्या रात्री गोष्ट सुरू होते, मग तीन वर्षं पुढे जाते, मग सोल सँक्टम नावाच्या मंदिरात शिरते. या सगळ्यात पात्रं बोलतात, बोलतात आणि बोलतच राहतात. वैतागून गेम बंद करू नका, पहिली बैठक निवांत दोन तासांची ठेवा. मध्ये मध्ये हो की नाही असं विचारतील. बहुतेक वेळा काहीही उत्तर दिलं तरी गाडी त्याच रुळावर जाते. पण गाव सोडण्याआधी जग वाचवायला निघणार का असं विचारल्यावर गंमत म्हणून 'नाही' म्हणून बघाच. त्याआधी सेव्ह मात्र करा.

सेव्ह लढाई सोडून जवळपास कुठेही करता येतं. ही सवय लावून घ्या, कारण सगळे पडले की आधी जिथे गेला होतात त्या सँक्टममध्ये, म्हणजे गावातल्या देवळात, जाग येते आणि खिशातली निम्मी नाणी गेलेली असतात.

सायनर्जी हातची राखू नका

सायनर्जी म्हणजे इथली जादू. ती फक्त लढाईत नाही, वाटेतही वापरायची असते. मूव्हने खांब सरकवायचा, व्हर्लविंडने वेली उडवायच्या, फ्रॉस्टने डबक्याचा बर्फाचा खांब करून त्यावरून पलीकडे जायचं. इव्हान या सोबत्याकडे माइंड रीड, म्हणजे मनातलं वाचायची सायनर्जी आहे, ते गावात दिसेल त्याच्यावर चालवा, कुत्र्यामांजरांवरही. नवे खेळाडू सायनर्जीचे गुण कंजूषपणे साठवत बसतात. गरज नाही, ते चालता चालता आपोआप भरतात. कोड्यात अडकलात तर आधी खोलीभर दोन फेऱ्या मारा. गुणही भरतात आणि डोकंही जागेवर येतं.

जिन: खरा खेळ इथे आहे

वेलमधून बाहेर पडल्यावर फ्लिंट नावाचा पहिला जिन भेटतो. जिन म्हणजे गोळा करून सोबत बाळगायचे छोटे जादुई जीव. ते चार तत्त्वांचे असतात: व्हीनस म्हणजे पृथ्वी, मार्स अग्नी, ज्युपिटर वारा, मर्क्युरी पाणी. प्रत्येकी सात, एकूण २८. काही गुमान सोबत येतात, काहींशी लढावं लागतं. लढाईत एखादा पळून गेला तर हळहळू नका, त्या जागेतून बाहेर जाऊन परत या, तो पुन्हा तिथेच असतो.

जिन पात्राला लावला की त्या पात्राची ताकद वाढते आणि वर्ग, म्हणजे लढवय्याचा प्रकार, बदलतो. लढाईत तो जिन वापरला की त्याचा खास परिणाम मिळतो: फ्लिंट जोरदार वार करतो, फोर्ज सगळ्यांचा मारा वाढवतो, ग्रॅनाइट शत्रूचा मार कमी करतो. पण वापरलेला जिन पात्रापासून सुटतो, स्टँडबायवर जातो आणि त्याच्यामुळे वाढलेली ताकदही जाते. असे सुटलेले जिन एकत्र करून समन म्हणजे महाशक्ती बोलावता येते. व्हीनसचे दोन सुटे असतील तर रामसेस, चार असतील तर जजमेंट. समन झाला की ते जिन लगेच परतत नाहीत, एकेक करून पुन्हा लागतात.

थोडक्यात, लावलेला जिन ही बँकेतली ठेव आहे. समन म्हणजे ठेव मोडणं. रक्कम एकदम हातात येते खरी, पण महिन्याचं व्याज बंद.

हे मी सॅटुरोस या खलनायकाकडून शिकलो. मर्क्युरी दीपगृहाच्या माथ्यावर तो उभा असतो, तोवरच्या लढाया किरकोळ वाटाव्यात इतका अवघड. पहिल्या खेपेला मी सगळ्यांचे सगळे जिन उधळून समनांचा धुरळा उडवला. बघायला झकास. पुढच्या फेरीत माझी चारही माणसं (आयझॅक, गॅरेट, इव्हान, मिया) जिनांशिवाय उघडी उभी होती, त्याने आगीचा एक तडाखा दिला आणि इव्हान आडवा. तिसऱ्या खेपेला जमलं, ते असं: पहिल्या फेरीत ग्रॅनाइटची ढाल आणि फोर्जचा जोर. मियाला हल्ल्यात उतरवलंच नाही, ती फक्त प्लाय ही सायनर्जी आणि फिझ हा जिन वापरून जखमा भरत राहिली. सॅटुरोस अग्नीचा, म्हणून पाण्याचे वार त्याला जास्त लागतात. पाण्याचा समन मात्र तो शेवटच्या घटकेला आल्यावर, एकदाच.

साध्या वाटेवरच्या भुतावळीसाठी समन लागतच नाहीत. उलटा डाव मोठ्या लढाईसाठी ठेवा: आत शिरण्याआधी मेनूतून एक-दोन जिन मुद्दाम स्टँडबायवर टाका, म्हणजे पहिल्याच फेरीत समन मिळतो. एक-दोनच बरं का.

जिन दुसऱ्या तत्त्वाच्या पात्राला लावले की वर्ग आणखी बदलतो आणि नवी सायनर्जी मिळते. ग्रोथ अशीच अदलाबदल करून मिळते, आणि काही वाटा तिच्याशिवाय उघडत नाहीत. मात्र लढाईत असा जिन सुटला की त्याने आणलेली सायनर्जीही ऐन वेळी गायब होऊ शकते.

चटके बसतात त्या जागा

तिघांनी एकाच शत्रूवर नेम धरला आणि तो पहिल्याच वारात मेला, तर उरलेले दोघे पुढच्याला मारतील असं वाटतं ना? नाही. ते गुपचूप ढाल पुढे धरून उभे राहतात. त्यामुळे नेम वाटून द्या. अर्धमेल्या शत्रूवर एकच माणूस, ताज्यावर दोघं.

चुकून खास हत्यार विकलंत? घाबरू नका, दुकानातल्या आर्टिफॅक्ट्सच्या यादीत ते परत विकत मिळतं. शापित हत्याराचा आकडा बघून भुलू नका, हातात आलं की अधूनमधून पात्र जागचं हलत नाही. सोडवणूक सँक्टममध्ये, पैसे मोजून.

टोल्बी या शहरात पोचलात की कोलोसो ही स्पर्धा येते. आयझॅक एकटा उतरतो आणि दोस्त प्रेक्षकांत बसून सायनर्जीने लबाडी करतात. अडथळे आधी दाखवतात तेव्हा नीट बघा आणि कोणाला कुठे बसवायचं ते ठरवा. मला हा सगळ्या गेमचा सर्वांत मजेचा भाग वाटतो, पण तिथे घाईने बसवलेला गॅरेट शोभेचा होऊन बसतो.

शेवट करण्याआधी

गोष्ट इथे संपत नाही, ती द लॉस्ट एज या दुसऱ्या भागात जाते. पहिल्या भागातलं सगळं तिकडे नेता येतं, केबलने किंवा पासवर्डने. वस्तूंसकट सगळं नेणारा सोनेरी पासवर्ड २६० अक्षरांचा आहे. तो मी वहीत उतरवला, आणि एका ठिकाणी एका अक्षराचा घोळ झाला म्हणून पुन्हा पहिल्यापासून उतरवला. आता मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. पण त्याआधी २८ जिन मोजा. दोन्ही भागांत मिळून ७२ आहेत आणि दुसऱ्या भागातलं शेवटचं गुप्त दार सगळे ७२ असल्याशिवाय उघडत नाही. माझ्याकडे ७१ होते.