गरम नळीत आयोडीन टाकू नका: अमायलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये मी कुठे फसले

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी लाळेतल्या अमायलेजचं, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एंझाइमचं (एका प्रथिनाचं), प्रॅक्टिकल होतं. पाच नळ्या होत्या: बर्फातली 0 अंशांची, मग 20, 37, 50 आणि 90 अंश सेल्सिअस. थिअरी तुम्हाला येतेच. दहा अंश वाढले की एंझाइमचा वेग साधारण दुप्पट, आणि एका मर्यादेपुढे प्रथिनाची घडी मोडून आलेख कोसळतो. मलाही ते पाठ होतं. तरी 90 अंशांच्या नळीत आयोडीन टाकल्यावर निळा रंग आला नाही, म्हणून मी जर्नलमध्ये लिहिलं की स्टार्च संपला. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं अमायलेज 90 अंशांच्या आसपास काम करतं, हे नुकतंच वाचलेलं, त्याचाही आधार घेतला. व्हायवात मला एका वाक्यावर उभं राहता आलं नाही.

झालं काय होतं, ते नीट समजून घ्या. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. आयोडीन त्या वेटोळ्याच्या पोकळीत शिरून बसतं, तेव्हा निळा-काळा रंग दिसतो. द्रावण कढत असेल तर आयोडीन तिथे टिकत नाही, निसटतं आणि रंग जातो. स्टार्च मात्र तिथेच असतो! आमच्या लॅबच्या काकांनी माझी नळी काही न बोलता नळाखाली धरली. बघता बघता निळा रंग परत आला. माझं एंझाइम केव्हाच मेलं होतं.

म्हणून आयोडीन थेट नळीत टाकूच नका. पांढऱ्या टाइलवर त्याचे थेंब आधी मांडून ठेवा आणि दर मिनिटाला नळीतला एक थेंब त्यावर सोडा. एवढासा थेंब टाइलवर लगेच निवतो. शिवाय प्रत्येक तापमानाला एंझाइम न घातलेली एक नळी ठेवा. ती मी ठेवली असती, तर तीही 90 अंशांना बिनरंगाची दिसली असती आणि मी तिथेच थांबले असते. वेळ वाचवायला हीच नळी सगळ्यात आधी गाळली जाते.

स्टार्च आणि एंझाइम वेगवेगळे पाच मिनिटं त्या-त्या तापमानाला ठेवून मगच मिसळा, हे मॅन्युअलमध्ये असतंच.

सीनियरचं जर्नल उतरवू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. त्यात 37 अंशांना ठरावीक मिनिटं लिहिलेली असतात आणि तुमची तेवढी येणार नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लाळेतलं अमायलेज माणसागणिक कमी-जास्त असतं, पातळ करतानाही फरक पडतो. 50 अंशांची नळी पहिल्या मिनिटाला 37 च्या पुढे दिसली तरी खोडू नका. तिथे वेग जास्त असतो, पण एंझाइमही हळूहळू बिघडत जातं. दहा मिनिटांनी चित्र बदलू शकतं, म्हणून ‘इष्टतम तापमान’ लिहाल तिथे वेळही लिहा.

शेवटी, कुणी मागत नाही, पण एकदा करा. बर्फातली नळी 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून टाइलवर थेंब सोडत राहा. निळा, जांभळा, तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळा. तसंच 90 अंशांची नळी थंड करून 37 ला ठेवा. अर्ध्या तासानंतरही थेंब निळाच येईल.