खारट पाण्यामुळे कांद्याचे बी उगवत नव्हते : माझा अनुभव

आमची शेती अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात आहे. कांद्याचे बी टाकून 12 दिवस झाले तरी रोपवाटिकेत तुरळकच अंकुर दिसत आणि वाफ्यावर पांढरा पापुद्रा धरत असे. बियाणे बदलले, दीडपट टाकले, बोअरच्या पाण्याच्या पाळ्या वाढवल्या. पापुद्रा तेवढा जाड झाला. दोन हंगाम हातचे गेले, याचे फार वाईट वाटले.

शेवटी 100-100 बिया दोन ओल्या गोणपाटांत गुंडाळल्या, एक बोअरच्या पाण्याने भिजवलेले आणि दुसरे साठवलेल्या पावसाच्या पाण्याने. दहाव्या दिवशी पहिल्यात 31, दुसऱ्यात 84 बियांना मोड होते. पाण्यात क्षार जास्त असले की बी पाणी पुरेसे शोषू शकत नाही, आणि कांदा तर क्षारांना फारच नाजूक आहे.

यंदा प्रथम गादीवाफ्यांवर शेततळ्याचे गोडे पाणी दोनदा भरपूर सोडून निचरा होऊ दिला. वाफसा (पेरणीजोगी ओल) येताच बी ओळीत पेरले, मातीने झाकले आणि बाष्पीभवनाने क्षार वर येऊ नयेत म्हणून गव्हाचे काड पसरले. त्यानंतर झारीने फक्त गोडेच पाणी दिले. अंकुर दिसताच सायंकाळी काड काढले, तेव्हा वाकलेल्या हिरव्या कोंबांच्या टोकांवर काळी टरफले तशीच अडकलेली होती. बोअरचे पाणी तीन आठवड्यांनंतरच, तेही गोड्या पाण्याशी आलटून पालटून, सुरू केले.