सासूबाईंना डॉक्टरांकडे नेताना

चपलांआधी औषधांची पिशवी काढा. यादी नको, पाकिटंच घ्या: काढा, चूर्ण, सर्दीची गोळी, सगळं. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. मोरीच्या उंबऱ्याशी दोनदा पडल्या, आणि मी ओल्या फरशीला दोष देत बसले. पाकिटं टेबलावर मांडली तेव्हा कळलं, बीपी उतरवणारं टेल्मिसार्टन दोन नावांनी चालू होतं. एक हृदयाच्या डॉक्टरांचं, एक गल्लीतल्या. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका, विचारूनच.

पडझड होत असेल तर बीपी उभं राहूनही मोजायला सांगा. आधी पाच मिनिटं आडवं, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ते सांगण्यासारखं आहे. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी या वयात भ्रमल्यासारखं होतं, तेही विचारा.

चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले की मी खुर्ची मागे सरकवते. एकदा त्यांनी आईंनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? "तुळशीपर्यंत एकटीनं जाता यावं." मी आपली साखरेचे आकडे घेऊन बसले होते! त्या दिवशी फिजिओथेरपी लिहून मिळाली.

७० आणि त्यापुढच्या वयाच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही. पण ते दाखल झाल्यावरच चालतं. तपासणी फी खिशातूनच.