खुल्या परवान्यावरचा खेळ छापताना

फोंड्यात मित्रमंडळी जमवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं होऊन गोष्ट रंगवायचा खेळ मराठीत खेळता आणि आता देवचार, म्हणजे लोककथेतला राखणदार आत्मा, असलेली आपली साहसकथा छापून विकायचा बेत आहे? मग आधी परवाना वाचा. या खेळाचं ‘सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, २०२३पासून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.०’ या, श्रेय देऊन वापरायच्या खुल्या परवान्याखाली आहे. भाषांतर करा, बदला, विका, मुभा आहे. फक्त त्यात सुरुवातीलाच दिलेलं श्रेयवाक्य जसंच्या तसं छापा आणि खाली लिहा: ‘नियमांचं मराठी रूपांतर आमचं, देवचाराचं पान नव्यानं लिहिलेलं.’ हे श्रेय मागच्या पानावर बारीक अक्षरांत दडवणं मला मुळीच पटत नाही. ज्यांच्या मेहनतीवर आपण उभे आहोत, त्यांचं नाव दिसायलाच हवं.

मुभा त्या दस्तऐवजापुरतीच. विकतच्या पुस्तकांतल्या कथा, चित्रं, लोगो यांना हात लावू नका. इतर कुठल्या खेळाच्या परवान्यात ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे बिगरव्यावसायिक) असेल तर विक्री नाही. ‘एसए’ (शेअर-अलाइक, म्हणजे तशाच अटींवर वाटा) असेल तर आपलं रूपांतरही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं.

देवचार लोककथेतला, म्हणून सगळ्यांचा. त्याचं चित्र मात्र काढणाऱ्याचं. छपाईआधी त्या चित्रकाराची लेखी परवानगी घ्या.