बालवाडीचा कोर्स आणि माझी निरीक्षण वही

गेल्या महिन्यात गावातल्या दोघींनी मला एकच प्रश्न विचारला. ताई, बारावी झालेली आहे, पोरं शाळेत जायला लागली, आता बालवाडीचा कोर्स करू का? दोघींशी ओट्यावर बसून जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते. मी कोर्सला निघाले तेव्हा नीट सांगणारं कोणी नव्हतं, आणि जे सांगत होते त्यातलं बरंच चुकीचं निघालं.

माझं माहेर चोपड्याकडचं, सासर एरंडोल तालुक्यात. बारावीनंतर आठ वर्षं पुस्तक उघडलं नव्हतं. धाकटी तीन वर्षांची झाली तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या एका वर्षाच्या प्रमाणपत्राला नाव घातलं. सकाळी स्वयंपाक उरकून एसटी, दुपारी परत. 2023च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा किती आधार झाला ते रोजचा प्रवास करणारीलाच कळेल.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. या प्रमाणपत्रावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत पूर्वप्राथमिकसाठी वेगळी दोन वर्षांची पदविका आहे, तिला बारावीला 50 टक्के लागतात. आपलं एका वर्षाचं प्रमाणपत्र त्याहून वेगळं. माझ्या ओळखीच्या एकीने एका संस्थेची ‘सरकारी नोकरी हमखास’ अशी जाहिरात बघून अंगठी मोडून फी भरली. प्रमाणपत्र हातात आलं, नोकरीचं नाव नाही. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात सरळ विचारा: प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा, विद्यापीठाचा, मंडळाचा की नुसता संस्थेचा? प्रात्यक्षिकं कोणत्या बालवाडीत होतात? मागच्या वर्षीच्या दोन मुलींशी बोलता येईल का? उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर घरचा रस्ता धरा.

विषय घाबरण्यासारखे नाहीत. बालविकास, आहार आणि आरोग्य, शैक्षणिक साधनं, बालवाडीची मांडणी, पालकांशी संपर्क. आहार-आरोग्य हा आपल्या बायकांना सोपा जातो, कारण निम्मं घरी केलेलंच असतं. तरी नवं पुष्कळ आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, हे मला वर्गात कळलं. आमच्या शेजारचा एक पोरगा ‘अंगानेच बारीक’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिला होता. पट्टी घेऊन मोजलं तेव्हा त्याच्या आईला मी स्वतः आरोग्य केंद्रात घेऊन गेले.

खरा कोर्स मात्र निरीक्षण वहीत आहे. नव्या मुलींचं लक्ष तिकडेच कमी असतं.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यात तीन दिवस एका बालवाडीत बसायचं. शिकवायचं नाही, नुसतं बसायचं आणि लिहायचं. एक मूल निवडायचं आणि वीस मिनिटं ते काय करतं ते वहीत उतरवायचं. मला वाटलं, यात काय मोठं? पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘मूल हट्टी आहे. खेळणी वाटून घेत नाही. आईचं लाडावलेलं दिसतं.’ मॅडमनी तिन्ही वाक्यांवर लाल पेनने आडवी रेघ मारली. म्हणाल्या, “हट्ट तुम्हाला दिसला कुठे? हात दिसला असेल, डोळे दिसले असतील, ते लिहा.”

दुसऱ्या दिवशी त्याच मुलाबद्दल लिहिलं: ‘लाल ठोकळा दोन्ही हातांनी छातीशी धरला. शेजारची मुलगी जवळ आली तेव्हा पाठ फिरवली. ती गेल्यावर ठोकळा खाली ठेवला, पुन्हा उचलला. अकरा वेळा असं केलं.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला ठोकळा नको होताच, तो ठोकळा परत आपल्या हातात येतो का, ते बघत होता. अडीच-तीन वर्षांची मुलं एकमेकांशी खेळत नाहीत, एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. पुस्तकात याला समांतर खेळ म्हटलंय. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण दिसलं त्या दिवशी.

तरीही मी पुढे एक मोठी चूक केली, आणि ती अजून मनात सलते. चार वर्षांच्या एका मुलाला गाईचं चित्र दाखवून रंग विचारला. तो म्हणाला, “कायी.” मी वहीत लिहिलं, ‘ळ म्हणता येत नाही. उच्चार सदोष.’ मॅडमनी वही वाचली आणि सगळ्या वर्गासमोर मला शांतपणे विचारलं, “तुमची आजी काळ्या गाईला काय म्हणायची?”

मला एकदम गलबलून आलं. माझी आजी कायी गाय म्हणायची. डोळ्याला डोया, शाळेला शाया, फळ्याला फया. आपल्या अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तो दोष नाही, ती भाषा आहे. तिसरीत असताना मी वर्गात ‘फया’ म्हटलं म्हणून बाईंनी मला उभं केलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर वर्षभर मी वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही. आणि आता तोच शेरा मी एका चार वर्षांच्या पोराच्या नावापुढे लिहून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “हाई कायी गाय शे ना?” त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मग थांबलाच नाही. त्यांच्याकडे दोन गाई आहेत, एकीचं शिंग मोडलंय, ती मामाकडून आणली, सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याच्या एका वाक्यात सात-आठ शब्द होते, आणि आधीच्या पानावर मी ‘शब्दसंग्रह कमी’ असं लिहून ठेवलं होतं.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर आहे, आणि तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. पण धोरणापेक्षा आपल्या खानदेशात हे जास्त जाणवतं, कारण दर वीस-पंचवीस मैलांवर बोली बदलते. माझी वर्गमैत्रीण यावलकडची. तिला सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आदिवासी मुलांच्या बालवाडीत प्रात्यक्षिक मिळालं होतं. तिला त्यांची बोली येत नव्हती. तिने मुलांनाच सांगितलं, मला शिकवा. कोंबडी, बकरी, भाकरी, पाऊस, एकेक शब्द मुलं सांगायची आणि ती चुकली की सुधारायची. महिन्याभरात मुलं तिला शोधत दारात उभी राहायला लागली. मी आता शब्द दोन्ही म्हणते, आधी मुलाचा, मग पुस्तकातला. पोर दोन्ही उचलतं.

प्रात्यक्षिकाचा दुसरा भाग मला एका खासगी नर्सरीत मिळाला. तिथे तीन वर्षांच्या मुलांना पेन्सिल देऊन पानभर अक्षरं गिरवून घेत. एका मुलीच्या बोटांना वळ उठले होते, तरी तिला पान पूर्ण करायला लावलं. मी प्रशिक्षणार्थी, मला बोलायचा अधिकार नव्हता, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, आणि तीन वर्षांच्या मुलाची त्यातली बरीचशी अजून मऊ कूर्चाच असतात. पेन्सिल धरायला हात तयारच झालेला नसतो. तो तयार होतो शेंगा सोलून, चिकणमाती मळून, चिंचोके वेचून, फडकं पिळून. पालक मात्र वही मागतात. ‘बाई, एवढे दिवस झाले, एबीसीडी येत नाही?’ हे तुम्हाला ऐकावंच लागेल. मी आता पालकसभेत आयांनाच ज्वारीच्या पिठाचा गोळा देते आणि म्हणते, भाकरी थापायला तुम्ही कशा शिकलात? पहिल्या दिवशी कोणी काठावर बोट फिरवायला लावलं होतं का? आया लगेच समजतात. वडिलांना पटवायला वेळ लागतो.

शैक्षणिक साधनांवर पैसे घालवू नका. काही मुली थर्माकोल आणि चकचकीत कागद आणून हजार-दीड हजार खर्च करतात आणि मुलांना हात लावू देत नाहीत, तुटेल म्हणून. मला सर्वात जास्त गुण मिळाले ते कापसाच्या बोंडांना. बोंड, सरकी, कापूस, वात, सुती चिंधी, खादीचा तुकडा, सगळं एका टोपलीत. डोळे मिटून हात घालायचा आणि ओळखायचं. केळीच्या खोडाचा आडवा काप रंगात बुडवून ठसे काढले तर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. जळगाव जिल्ह्यात खोड फुकट मिळतं, एखाद्या शेतकऱ्याला नुसतं विचारलं की पुरे. चिकाचे डाग मात्र जात नाहीत, जुने कपडे घाला.

इतिहासाच्या पेपरात गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक, अनुताई वाघ या बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्यांची नावं येतात. पाठ करून सोडू नका. ताराबाईंनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झाली. तोंडी परीक्षेत मला विचारलं, मूल येत नसेल तर काय कराल? मी हेच सांगितलं, आणि आमच्या गावातल्या वीटभट्टीवरच्या मुलांसाठी आम्ही काय केलं तेही.

कामाबद्दल. अंगणवाडी सेविका व्हायचं असेल तर बारावी उत्तीर्ण आणि त्याच गावची रहिवासी ही अट असते, त्यामुळे सासरच्या गावात जागा निघते का त्यावर लक्ष ठेवा. त्यात पगार नसतो, मानधन असतं. खासगी बालवाडीत सुरुवात कमीच होते, मला पहिल्या वर्षी महिना चार हजार मिळत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नंतर बोलणी खावी लागत नाहीत. मी तिसऱ्या वर्षी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची बालवाडी काढली. आज बावीस मुलं आहेत.

शेवटची गोष्ट कागदांची, माझे दोन आठवडे यातच गेले. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कॉलेजने फॉर्म परत केला. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स जवळ ठेवा. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, नेमके पेरणीच्या दिवसांत, तेव्हा तलाठ्याकडे आणि ग्रामसेवकाकडे रांग असते. एप्रिलमध्ये, उन्हं तापायच्या आत, सकाळी लवकर जाऊन हे काम उरकून घ्या.