प्रतिवादीचे नाव चुकले असल्यास: दुरुस्ती अर्जाची तयारी

दाव्यात प्रतिवादीचे नाव चुकल्याचे लक्षात आल्यावर लगेच अर्ज लिहायला बसू नये. आधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे. माणूस तोच असून फक्त नाव किंवा वर्णन चुकले असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 अन्वये दुरुस्ती मागता येते आणि दाव्याची मूळ तारीख शाबूत राहते. दावा भलत्याच माणसावर लागला असेल, तर आदेश 1 नियम 10 अन्वये जुने नाव वगळून नवा प्रतिवादी सामील करावा लागतो, आणि तिथे मुदत कायद्याचे कलम 21 आडवे येते: नव्या प्रतिवादीपुरता दावा तो सामील झाला त्या दिवशी दाखल झाला, असे धरले जाते. उधारीवर विकलेल्या मालाच्या वसुलीची मुदत 3 वर्षांची असते, ती एव्हाना उलटून गेलेली असू शकते. त्याच कलमाच्या परंतुकानुसार (अपवाद सांगणाऱ्या तरतुदीनुसार), चूक सद्भावनेने झाली असे पटल्यास न्यायालय आधीची तारीख धरण्याचा आदेश देऊ शकते. ही विनंती त्याच अर्जात स्वतंत्र परिच्छेदात करावी; युक्तिवादात तोंडी सांगू, अशा भरवशावर राहू नये.

खरे नाव शोधताना दुकानाच्या पाटीवर विश्वास ठेवू नये. माल पोचल्याच्या चलनावरचा रबरी शिक्का नीट वाचावा: सहीखाली ‘प्रोप्रायटर’ आहे, ‘भागीदार’ आहे की ‘संचालक’, यावरून प्रतिवादी कोण ते बहुतेक वेळा कळते. एकट्या मालकाच्या धंद्यावर आदेश 30 नियम 10 प्रमाणे धंद्याच्या नावाने, तर भागीदारी संस्थेवर नियम 1 प्रमाणे संस्थेच्या नावाने दावा चालतो. कंपनी मात्र स्वतंत्र व्यक्ती असल्याने तिच्याऐवजी संचालकाचे नाव घातले असेल तर ती केवळ वर्णनाची चूक ठरणे अवघड. जीएसटी नोंदणीचा तपशील सोबत जोडावा. राज्य शासन प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 79 प्रमाणे राज्याचेच नाव हवे, आणि शासनाला दाव्याआधी द्यायची कलम 80 ची नोटीस मुळात दिली होती का, तेही तपासावे.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे, हे सांगायला नको. चूक कधी व कशी कळली ते मात्र त्यात तारखेसह लिहावे, कारण सुनावणी सुरू झाल्यावर ‘योग्य तत्परता दाखवूनही आधी कळणे शक्य नव्हते’ हे दाखवावे लागते.

आता मुख्य गोष्ट. अर्ज मंजूर होणे म्हणजे दुरुस्ती होणे नव्हे. मागच्या दाव्यात आदेश हाती पडल्यावर मी निर्धास्त झालो आणि मूळ वादपत्रात (ज्या लेखी अर्जाने दावा दाखल होतो त्यात) जुनेच नाव राहिले, म्हणून हे पुन्हा सांगतो: न्यायालयाच्या आदेशात मुदत दिली नसेल तर संहितेच्या आदेश 6 नियम 18 प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून 14 दिवसांत दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात करावी लागते. पुढच्या तारखेपर्यंत नव्हे, 14 दिवसांत. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची असली तरीही 14 दिवसांतच. मुदत टळली तर न्यायालयाने ती वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही, आणि मुदतवाढीच्या अर्जावर समोरचे वकील आनंदाने हरकत घेतात. आदेश झाला त्याच दिवशी लिपिकाकडून निशाणी 1, म्हणजे मूळ वादपत्र, काढून घ्यावी, शीर्षकातील नाव लाल शाईने दुरुस्त करावे, शेजारी सही व तारीख घालावी. मग आतले परिच्छेद, मग विनंतीचे कलम; ‘प्रतिवादी’ची ओळख सांगणारे वाक्य चौथ्या-पाचव्या परिच्छेदात दडलेले असते, तेही. त्यानंतर रोजनाम्यात (दाव्याच्या तारखांच्या कामकाजाच्या नोंदीत) दुरुस्ती केल्याची नोंद झाली का ते स्वतः वाचावे. वकिलांनी ‘झाले’ म्हटले तरी वाचावे.

पुढे दुरुस्त वादपत्राच्या प्रती, प्रोसेस फी, नवा पत्ता, समन्स. खर्च भरण्याची अट असल्यास तो भरून पावती दाखल करावी. वगळलेल्या प्रतिवादीविरुद्ध मनाई हुकूम असेल तर नव्या नावाने निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्जही दुरुस्त करावा.